भाव न विचारता

संघरत्ना : एकशे अठ्ठावीस एमबीचं ग्राफिक कार्ड पुरे आहे हो. खरंच पुरे आहे.

अनिकेत : पुरे काय? गेम अडकत अडकत चालला की त्यात मजा काय? मुक्या, दोनशे छप्पनवालं दाखव.

मुकेश : दाखवतो ना. पण बॉस, आधी रॅम ठरवू. मग कार्डाकडं जाऊ.

अनिकेत : रॅम एक जीबी.

संघरत्ना : पाचशे बारा.

अनिकेत : एक जीबी लिही रे.

मुकेश : वहिनी पाचशे बारा बोलतात, तू एक बोलतोस. मी मधल्यामधी पेन धरून बसलोय.

(शहापूरच्या एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर मुकेशचं कॉम्प्युटरचं दुकान. दुकान कसलं, टपरीच. फक्त जिना चढून जायची. साल २००६, महिना मे. अनिकेत मुकेशचा शाळेतला मित्र, आसनगावहून रोज ठाण्याला नोकरीला जाणारा. संघरत्ना मुरबाडची, तिथल्या क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवते. दोघांचं लग्न पंधरवड्यावर आलंय. नवरदेव अगदी खुशीत आहे. दुकानदाराला मात्र घाम फुटलाय, आणि तो सगळाच काही उकाड्याचा नाही.)

संघरत्ना : अजून वहिनी नाही झाले मी.

मुकेश : आता होणारच की. जिभेला आधीच सवय लावतो.

संघरत्ना : लावा. पण रॅम पाचशे बाराच लिहा. पुढं वाढवता येते ती. क्लासमधली आमची मशिनं तर दोनशे छप्पनवर चालतात. त्यावरच मुलं चित्रं काढतात, आवाज भरतात. मला तेवढंच करायचंय.

अनिकेत : क्लासचं मशीन आणि घरचं मशीन सेम असतं का? घरी एकदम टकाटक पाहिजे. तू दिवसभर तुझ्या धड्यांच्या सीडी बनव. चित्र हलतंय, मागनं तुझा आवाज येतोय. मी संध्याकाळी आलो की तासभर गाडी पळवीन. हिशेब बरोबर!

संघरत्ना : गाडी पळवायला एवढं कार्ड लागतं?

अनिकेत : तू एकदा कल्याणला सायबरमध्ये बघ. रस्ता ओला असतो ना, त्या ओल्या रस्त्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसतो. खाली, डांबरात! शपथ. साध्या कार्डावर नुसता काळा रस्ता.

मुकेश : ते खरंय. पण जड कार्ड घेतलंस की पॉवर सप्लाय पण जड लागतो. साध्या सप्लायवर ते मधीच दम सोडतं.

अनिकेत : मग जड सप्लाय लिही.

मुकेश : मग गरम होणार. डबा मोठा, पंखे दोन.

अनिकेत : तो बाजूला काचवाला डबा घे. आत निळी लाइट पेटते तो.

संघरत्ना : आतलं कुणाला बघायचंय?

अनिकेत : घरी येतील ते बघतील की. सगळे येणारच बघायला.

संघरत्ना : अहो, ऐका ना जरा. पहिल्याच वर्षी एवढं अंगावर घेऊ नका. साधं घेतलं तरी मला चालेल. तुम्ही माझ्यासाठी घेताय, हेच मला खूप आहे.

अनिकेत : तू टेन्शन घेऊ नको.

संघरत्ना : क्लासमधल्या मुलींना सांगितलं मी. म्हटलं, मुलाकडचे घेतायत, माझ्या कामासाठी. खोटं वाटलं त्यांना. भिमी म्हणाली, मॅडम, आमच्याकडं तर सगळं उलटं असतं. मी दिवसभर हवेत होते, मुकेशभाऊ. फळ्यावर काय लिहिलं ते पण आठवत नाही.

मुकेश : मी... खाली चहा सांगून येतो.

संघरत्ना : मघाशीच सांगितलात. दोनदा.

मुकेश : हो का? मग येईलच.

अनिकेत : स्क्रीन कुठला ठेवायचा? तो डबडा नको. फ्लॅट दे, सतरा इंची.

संघरत्ना : केवढ्याला आहे तो?

मुकेश : तो... होईल काय ते.

संघरत्ना : म्हणजे केवढ्याला?

मुकेश : आपल्यात कुठं भाव होतो, वहिनी? घरचंच काम हाय.

संघरत्ना : अहो, हे कसलं दुकान? दुकानदार भाव सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही.

अनिकेत : मित्राचं दुकान आहे. मुक्या काय मला लुबाडणार?

संघरत्ना : खाली कलिंगड घेतलंत तुम्ही. गुणाबाईला नावानं हाक मारलीत, म्हणजे तीही ओळखीचीच. तिच्याशी दोन रुपयांसाठी किती घासाघीस केलीत! मला लाज वाटली, मी दुसरीकडं तोंड करून उभी राहिले. आणि इथं एवढ्या वस्तू लिहून झाल्या. एकदा तरी विचारलंत, केवढ्याला?

अनिकेत : कलिंगड वेगळं, हे वेगळं.

संघरत्ना : वेगळं का?

अनिकेत : तू पण ना! कुठल्या कुठं नेतेस.

संघरत्ना : परवा आप्पांनी मला विचारलं, ग्राफिक कार्ड म्हणजे काय गो?

मुकेश : आला वाटतं चहावाला...

संघरत्ना : कुणी नाही आलं. बसा. आप्पा आजवर लेकीच्या क्लासची पायरी चढलेले नाहीत. मी म्हटलं, पेपरात वाचलं असेल. बाजूला बसवून समजावलं त्यांना. पडद्यावरचं चित्र रंगवणारं कार्ड, म्हटलं. जेवढं चांगलं, तेवढं चित्र जिवंत. तर आप्पा म्हणाले, मग ते चांगलंच घ्यावं लागेल.

अनिकेत : बरोबरच बोलले.

संघरत्ना : कुणाला घ्यावं लागेल, अनिकेत?

मुकेश : लाइट गेली! थांबा, यूपीएस हाय. बंद करू का मशीन? नाय, राहू दे, चालेल थोडा वेळ.

संघरत्ना : मुकेशभाऊ, आप्पा आले होते इथं?

मुकेश : वहिनी, त्याचं काय झालं...

अनिकेत : मुक्या, तू बोलू नको.

मुकेश : कसा नको बोलू? ती माझ्याकडं बघते, तुझ्याकडं नाय. आलते, वहिनी. सोमवारी. निम्मे पैसे देऊन गेले. माझा हात धरून बोलले, पोरीला कळू देऊ नको. सासरी गेल्यावर ताठ मानेनं राहू दे तिला.

संघरत्ना : वहिनी नको. ताई म्हणा.

अनिकेत : हे बघ, आधी नीट ऐक. आम्ही काय मागितलं नाय. हुंडा मागितला का कुणी? आई फक्त एवढंच बोलली की, भांडीकुंडी, कपाट काय नको. द्यायचंच तर कॉम्प्युटर द्या, तुमच्याच मुलीच्या कामाला येईल. आप्पा हसून हो बोलले. कुणी जबरदस्ती नाय केली.

संघरत्ना : तुम्ही कुठं होतात?

अनिकेत : तिथंच.

संघरत्ना : काय करत होतात?

अनिकेत : काय म्हणजे? बसलो होतो. चहा पीत होतो.

संघरत्ना : आणि ग्राफिक कार्ड? ते आईंना माहीत आहे?

अनिकेत : मुक्या, चहा आला का बघ रे.

संघरत्ना : मी विचारतेय.

अनिकेत : मी बोललो. सहज. निघताना. घ्यायचं तर जरा बरं कार्डवालं बघू, एवढंच.

संघरत्ना : म्हणजे चहा संपल्यावर तोंड उघडलंत. पण ते ह्याच्यासाठी.

मुकेश : ते यूपीएसचं टुं टुं डोक्यात जातंय. बंदच करतो.

संघरत्ना : यंदा घरावर पत्रे टाकायचे होते. मागच्या पावसात चुलीवर गळत होतं, आई भाकरी थापताना वर बघायची. गेल्या महिन्यात आप्पा म्हणाले, राहू दे, एक पावसाळा निघेल असाच. मी हसले त्यांना. म्हटलं, आप्पा, आता तुम्हाला आळस आला. अहो, मी हसले हो त्यांना.

अनिकेत : मला पत्र्याचं माहीत नव्हतं. आईशप्पथ.

संघरत्ना : विचारलं असतंत तर माहीत झालं असतं. पिशवीत काय आहे तुमच्या?

अनिकेत : कुठल्या? पत्रिका आहेत. आत्ताच छापखान्यातनं आणल्या ना आपण.

संघरत्ना : काढा एक. खालची ओळ वाचा.

अनिकेत : संघरत्ना, मुक्यासमोर...

संघरत्ना : मुकेशभाऊंना माझ्या आधी सगळं माहीत होतं. वाचा.

अनिकेत : 'हा मंगल परिणय हुंडा न घेता होत आहे.'

संघरत्ना : ही ओळ कुणी घालायला लावली?

अनिकेत : मी.

संघरत्ना : प्रूफ आलं तेव्हा आप्पा ते घेऊन आळीत चार घरी फिरले. शालनमावशीला वाचून दाखवलं, वाचा म्हणे, माझा जावई कसा आहे. इथं पैसे ठेवून गेल्यानंतर फिरलेत ते! सगळं ठाऊक असून. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला वाटत होतं, माझ्यासारखी सुखी मीच.

अनिकेत : सगळेच काहीतरी घेतात गं. आमच्या पंढरीला तर सासऱ्यानं बाइक दिली.

संघरत्ना : पंढरीच्या पत्रिकेवर ही ओळ होती?

अनिकेत : नव्हती.

संघरत्ना : मग त्याचं नाव घेऊ नका. त्यानं घेतलं ते उघड घेतलं. आपण विहारात बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभे राहणार. तिथं मी खाली मान घालून उभी राहू? आणि कुणासाठी? ओल्या रस्त्यातल्या लाल दिव्यासाठी?

अनिकेत : मग आता काय करू? तूच सांग.

संघरत्ना : मुकेशभाऊ, आप्पांचे पैसे परत करायचे. माझ्याकडे देऊ नका. तुम्ही स्वतः मुरबाडला या आणि त्यांच्या हातात द्या.

मुकेश : उद्याच येतो, ताई. खरं सांगू? सोमवारपासून मला पण जेवण गोड लागत नाय.

संघरत्ना : आणि तुम्ही आईंना फोन लावा.

अनिकेत : आत्ता? घरी जाऊन बोलतो ना शांतपणे. तिनं सगळ्या भावकीत सांगितलंय, कॉम्प्युटर येतोय म्हणून. टेबल पण करून घेतलं धर्मा सुताराकडनं.

संघरत्ना : आत्ता. माझ्यासमोर. नाहीतर त्या पत्रिका इथंच ठेवा. वाटायची गरज नाही.

अनिकेत : लग्न मोडणार तू? एका कार्डासाठी?

संघरत्ना : कार्डासाठी नाही. चहा पीत बसलात, त्यासाठी.

मुकेश : लाव रे फोन. अन्या, लाव. मी शाळेपासून ओळखतो तुला. मास्तर दुसऱ्याला मारायचे तेव्हा पण तू असाच खाली बघायचास.

अनिकेत : गप रे... हॅलो, आई. हो, मुक्याच्या दुकानातच. हो, आहे ती. आई, ऐक, ते आप्पांकडनं घ्यायचं नाय. कॉम्प्युटर... नाय, बिघडला नाय, घेतलाच नाय अजून. आणि त्यांच्याकडनं घ्यायचाच नाय... तिनं कशाला शिकवायला पाहिजे? आई, मी बोलतोय. मी... मला पण कळत होतं तेव्हा. तू बोलत होतीस आणि मी गप्प बसलो, ते चुकलं माझं... भावकीला सांग, मुलगा स्वतः घेणार आहे. जमेल तेव्हा... टेबलावर काय ठेवायचं? ठेव ना काहीपण, पत्रिका ठेव... आई, रडू नको. आई? हॅलो?

मुकेश : कट केला?

अनिकेत : हं.

मुकेश : घेतील समजून. आज नाय, उद्या घेतील.

अनिकेत : उद्या पण नाय घेणार. तू आईला ओळखत नाय. संघरत्ना, बोल ना काहीतरी.

संघरत्ना : मुरबाडची गाडी लागायला अजून वेळ आहे.

अनिकेत : म्हणजे?

संघरत्ना : म्हणजे मी बसलेय इथं.

मुकेश : ताई, हा कागद... लिहिलेला सगळा. फाडू?

संघरत्ना : ते त्यांना विचारा.

अनिकेत : फाड.

मुकेश : आली, आली लाइट! थांबा, पंखा तुमच्याकडं फिरवतो.

अनिकेत : मुक्या.

मुकेश : बोल.

अनिकेत : साधा की-बोर्ड केवढ्याला रे?