वरती सोडलेली चार बोटं जागा

‘पोरगी मुकी आहे, पण अक्षर मोत्यासारखं — अशी सून नशिबानं भेटते, हिरासिंग!’ — हे मामाजी दुकानात बोलले, कुंदाकाकू, अन् मी मधल्या दारामागं चहाचा ट्रे घेऊन उभी. माझ्यासाठी नव्हतंच ते बोलणं. नाही नाही, उठू नका, चहा नको — मी सही मागाले नाही आली. पाहा, हातात कागद नाही, पेन नाही. इथं उंबऱ्यावरच बसते. तुम्ही मेथी निवडा, माझ्याकडं पाहू नका, कोणी पाह्यलं की मले बोलणं सुचत नाही. सांगू का, मले राग याले पाहिजे होता तेव्हा. नाही आला. बरं वाटलं. मुकुटबनवरून येऊन महिना झाला होता, त्या घरात मी म्हणजे ‘अंकुरची बायको’, ‘अगं ए’ — अन् दुकानातला बियाण्यांच्या भावाचा फळा लिहून दिला तर सासऱ्यांनी मले चक्क नशीब म्हटलं! एवढ्यावर फुगली मी. पोळीसारखी.

मग संक्रांत आली, माझी पहिली. हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलं, मंगळसूत्राले मुंग्या लागल्या होत्या अन् नव्या सुनेनं खाजवायचं नसते — तुम्हीच तर हसल्या होत्या मले पाहून. वाण काय लुटलं? चहाची गाळणी. ती काय, तुमच्या खिळ्याले लटकून आहे. वापरत नाही ना? बरोबर आहे तुमचं. तर सासूबाई म्हणाल्या, बायका दोनदोनदा वाण नेतात, कागदावर नाव लिहून सही घेत जा. नेतात हो, तुम्हालेही माहीत आहे कोण नेतात ते! मी कागद घेतला. सासूबाई म्हणाल्या, वरती चार बोटं जागा सोड. कायले, हे मी विचारलं नाही. मुकीच ना मी. मले वाटलं, वरती ‘श्री’ काढायचा असन —

थांबा. खोटं बोलली. ‘श्री’ काढाले चार बोटं लागत नाही. मामाजी मोत्यांचं बोलले ना, त्याच्यापुढं नगरसेवक हिरासिंग काय म्हणाले, ते मी सांगितलंच नाही तुम्हाले. ते म्हणाले, ‘मग संक्रांत येऊनच राह्यली, बायका जमतीनच, घ्या की कामाले.’ अन् कोणतं काम, ते काय मले माहीत नव्हतं? महिनाभर घरात एकच रामायण — सिमेंटचा रस्ता होऊन राह्यला, दोन्हीकडून पाच-पाच फुटांचा फुटपाथ म्हणतात, म्हणजे आपल्या कृषी केंद्राचा ओटा गेला, खताची पोती कुठं मांडायची? तीन फूट पुरते. माणूस तीन फुटांत चालत नाही का? चालते ना. माणूस चालते. तुमच्या वामनकाकांची तीनचाकी चालत नाही. विजेच्या खांबापाशीच अडकते. हे जेवताना कोणी बोललं नाही, मीही नाही. पण पाह्यलं होतं मी. रोज सकाळी गच्चीवर कपडे वाळू घालताना दिसते — काका हातानं पायडल मारत भर रस्त्यातून जातात, मागून कापसाचा ट्रक आला की एक हात वर करतात, ड्रायव्हरले दिसावा म्हणून. हात वर केला की तीनचाकी वाकडी जाते. रोज पाहाची मी हे, कपड्याले चिमटा लावत. अन् तरी जागा सोडली. चार बोटं सांगितली होती, काकू. पाच सोडली मी. ते जास्तीचं एक माझं.

पंधरा दिवसांनी मामाजींनी मजकूर सांगितला, मी त्या जागेत लिहिला — ‘खाली सह्या करणाऱ्या आम्ही महिला, तीन फुटांचा फुटपाथ पुरेसा असून’ — त्यातलं ‘असून’ तर माझ्याच मनाचं, वाक्य वजनदार वाटावं म्हणून. सदतीस सह्या. तुमची अकरावी, मधातच शाई संपली होती, दुसऱ्या पेननं पुरी केली तुम्ही. अन् मग नगरपालिकेच्या सुनावणीत काका मोजायचा टेप घेऊन पाच फुटांसाठी भांडले, तर हिरासिंगजींनी त्यांच्यापुढं हाच कागद धरला — ‘वामनराव, आधी घरात विचारा, बायकोले तीन फूट पुरते तुमच्या!’ लोक हसले म्हणे. अंकुरनं घरी येऊन हसत हसतच सांगितलं. मी पोळ्या लाटत होती. पोळी गोल झाली. हेच खाते मले, काकू — हात हालला नाही, पोळी गोल झाली. नळावर बायका म्हणतात, तेव्हापासून काका तुमच्याशी बोलत नाहीत, ताटही स्वतःच वाढून घेतात... हाव. त्या ओळी पाह्यल्याच नाही म्हणून तुम्ही शपथ घेतली असन. पण सही तर तुमचीच होती ना. नाही कशी म्हणणार?

आज नगरपालिकेत शेवटची सभा होती. मामाजी म्हणाले, चल, बायकांच्या वतीनं उभी राहा, बोलायचं काही नाही, नमस्कार करायचा फक्त. गेली डोक्यावर पदर घेऊन. काका बाहेरच होते, खिडकीपाशी, त्या ऑफिसाले पाच पायऱ्या आहेत. मी बाहेर आली तशी त्यांनी मले पाह्यलं फक्त. पाच ठरले का तीन, मले नाही माहीत. मी थांबलीच नाही, बोळीबोळीनं इकडं आली, अंकुर गाडी घेऊन मेन रोडनं हुडकत असन. घरी काय होईन ते होईन. काका येतीनच आता, त्यांच्याआधी माझ्या तोंडून ऐका म्हणून आली. माफी मागत नाही, तुम्ही देऊही नका. कुंकू नका आणू, खरंच नका, मी जाते.

सभेत काय बोलली? एवढंच. हिरासिंगजी म्हणाले, सूनबाईनं एवढ्या बायका जमवल्या, वाजवा टाळ्या. टाळ्या थांबल्या, अन् मी नमस्काराचे हात खाली घेतले —

‘मामाजी, ह्या वरच्या ओळी मी मागून लिहिल्या. खालच्या बायका फक्त गाळणी घ्याले आल्या होत्या.’