पिंपातून निघालेला अध्यक्ष

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या काचभट्टी कामगार संघटनेच्या प्रमुख लोरेटा हुडाक, आज निवृत्त होणारे सरकारी मजूर खात्याचे तपासनीस श्री. एल्बर्ट पेटिफर्ड, व्यासपीठावरील मान्यवर, आणि मासळीच्या जेवणाच्या रांगेतली जागा न सोडता ऐकणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी थॅडियस व्रोना. बारा वर्षं तुमचा अध्यक्ष होतो. पेटिफर्डसाहेबांनी मला खुर्चीवरून उठवलं, म्हणून त्यांना निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलंय. लोरेटाबाईंची खोडी, दुसरं काय!

आपली निवडणूक कशी व्हायची, आठवतंय ना? शुक्रवारच्या मासळीच्या जेवणानंतर ज्या फिरत्या पिंपातून बक्षिसाची सोडत निघायची, त्यातच मतपत्रिका टाकायच्या. मासळी रांधणाऱ्या आपल्या हेलन काकूंनी डोळे मिटून एक काढायची. तिच्यावर ज्याचं नाव, तो अध्यक्ष. लागोपाठ चार वेळा मीच निघालो. मला वाटायचं, काय लोकांचं प्रेम आहे माझ्यावर!

मग लोरेटानं तक्रार केली आणि साहेब आले.

"मतं मोजली कोणी?"

"मोजायची कशाला, साहेब? एक काढली की झालं," हेलन काकू म्हणाल्या.

"आणि बाकीच्या मतपत्रिका? वर्षभर जपून ठेवायचा कायदा आहे."

"त्यांत उरलेले मासे बांधून दिले लोकांना. तुम्हाला देऊ का दोन?"

साहेबांनी निवडणूक रद्द केली आणि पेटीशेजारी उभं राहून नवी घेतली. लोरेटा एकशे सत्तर, मी एकेचाळीस. अहो, भट्टीवर माझे नातेवाईकच पंचेचाळीस आहेत! खोटं कशाला बोलू, फार लागलं मला.

महिन्याभरात फोरमनशी माझी बाचाबाची झाली आणि त्यानं मला कामावरून काढलं. वय अठ्ठावन्न. जायचं कुठं? माझ्या कारकिर्दीत कोणाला काढलं, की मी त्याच्या घरी मोठा केक पाठवायचो. लोरेटानं केक पाठवला नाही. तीन दिवस ती मालकाच्या दाराशी बसली, करारातलं एकेक कलम वाचून दाखवलं आणि मला परत भट्टीवर उभं केलं.

मी शरमून म्हणालो, "लोरेटा, मी तुला मत दिलं नव्हतं गं."

"मत गुप्त असतं, थॅड," ती म्हणाली. "मी काही ऐकलं नाही."

पेटिफर्डसाहेब, तुमचे आभार मानायला मला उशीरच झाला. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर एकशे सत्तर जणांनी पोटात घालावं. एकेचाळीस जणांनी तर घातलेलंच आहे.