चहाची ओल

...तर भिंत ओली की कोरडी, एवढंच मला कुणीतरी सांगा, म्हणजे मी निमूट घरी जातो. तुम्हाला सांगतो, अख्खा जन्म लोकांच्या भिंती नव्या करण्यात गेला, पोपडे आले की खरवड, भेगांत लांबी भर, घास, रंग लाव, आणि आता म्हातारपणी जावई म्हणतो, "मामा, ही चांगली भिंत खराब करा." जावई सिनेमाचे सेट लावतो, सिनेमा छोटासाच, पण त्याचं पहिलंच स्वतंत्र काम, ते बिघडलं तर पुन्हा दारात कोण उभं करणार त्याला? मुलीनं बजावलं होतं, "बाबा, त्यांना चारचौघांत खाली बघायला लावू नका."

म्हणून मी जीव ओतून भिंत खराब केली. चहाचं पाणी, राख, जराशी हिरवट झाक... अशी ओल उतरली की मलाच सर्दी होते की काय वाटलं. दिग्दर्शकानं तिच्यापुढे अर्धा प्रसंग घेतला आणि सगळे जेवायला गेले. मी हात धुऊन परत येतो, तर भिंतीला कान लावून एक नळवाला उभा. शूटिंगला घेतलेल्या या घराच्या मालकीणबाई वरच राहतात, त्या खाली डोकावल्या, डाग बघितला आणि याला घेऊनच आल्या.

मी म्हटलं, "दादा, ती ओल नाही, मी काढलीय."

"काका, सगळे असंच म्हणतात. आणि मग घर बसलं की आम्हाला बोलावतात."

"अहो, चहा आहे तो."

"चहा भिंतीला कशाला पाजाल तुम्ही?"

बाई म्हणतात, "तेच म्हणते मी."

खरंच, शहाणा माणूस भिंतीला चहा कशाला पाजेल? तो म्हणाला, "वास घेऊन बघा." मी घेतला, आणि काय सांगू, कुबट यायला लागला हो. त्याचा हात रोज त्यातच, तो सांगतोय तर काहीतरी असेलच ना? माझ्या ओलीखाली खरी ओल असेल... मग भिंत ओली की कोरडी? म्हणून मी बॅटरी धरली. हो, मीच धरली. त्यानं छिन्नी घातली, गिलावा भसाभस खाली, आणि आत पाइप कोरडा ठणठणीत. तर म्हणतो कसा, "म्हणजे वरून येतेय." गेला की वर, बाई त्याच्या मागोमाग.

तेवढ्यात जावई आला. "मामा... भिंत कुठाय?"

मागून दिग्दर्शक. "अर्ध्या प्रसंगात भिंत, अर्ध्यात भगदाड. लोकांना काय सांगू, मधे भूकंप झाला?"

जावई खाली बघायला लागला.

मी म्हटलं, "चूक माझी, मी बुजवतो." बुजवलं. पण गिलावा ओला, त्यावर रंग बसेना. म्हणजे बघा, सकाळी भिंत कोरडी होती तेव्हा ती ओली दिसायला हवी होती, आता खरोखरची ओली आहे तर आधी कोरडी व्हायला हवी, का तर ओली दाखवायची आहे. माझं डोकं गरगरायला लागलं. भिंत ओली की कोरडी?

शेवटी जावयानंच डोकं लढवलं. बाईंचं आतलं कपाट बाहेर ओढलं, भगदाडापुढे उभं केलं आणि म्हणाला, "प्रसंग पहिल्यापासून घेऊ, कपाटासकट." दिग्दर्शकानं लांबून बघितलं, जवळून बघितलं, मान हलवली. काम वाचलं. जावयाची मान वर आली, माझा जीव भांड्यात पडला.

"फक्त मामा," तो हळूच म्हणाला, "कपाट फार नवं दिसतंय. जरा वाळवी लागलेली दाखवा ना."

बाईंनी कपाट वापरा म्हटलं होतं, कसं ते कुणी विचारलं नव्हतं. वरून छिन्नीचे ठोके ऐकू येत होते. मी ब्रश उचलण्याआधी उठलो आणि दाराला आतून कडी घातली. वाळवी मारणारा आत आला असता, तर मला माझा भरवसा नाही.