बटणांचा बारका ब्रश

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन व्याही बसले होते. ज्याचा डोळा दाखवायचा होता, तो सारखा बाहेरच्या दाराकडे बघत होता.

“चला व्याहीबुवा, घरी जाऊ. डोळा ठणठणीत आहे माझा.”

“ठणठणीत? त्या गोऱ्यांच्या पलटणीतल्या बोटाएवढ्या खेळण्यातल्या शिपायांच्या डगल्यांवर तुम्ही लाल रंगाचे चार-चार थर चढवलेत. सगळे ढेरपोटे झालेत.”

“डबीतला रंगच विटका. लाल दिसेचना.”

“माझीही डबी तीच आहे. मोतीबिंदू आहे तो, काढून टाका.”

“म्हणजे मी पट्टी बांधून बसायचं आणि तुम्ही तुमची पलटण आधी रंगवून पैज जिंकायची!”

“तुम्ही बरे होईपर्यंत मीही हात लावत नाही.”

“मी तापात होतो तेव्हाही हेच म्हणालात. उठून बघतो तर तुमचे घोडेस्वार तयार!”

“बरं, हे घ्या माझे सगळे ब्रश. ठेवा तुमच्या खिशात.”

“थांबा. बटणं रंगवायचा बारका ब्रश कुठाय यात?”

“तो… घरी राहिला वाटतं.”

“राहिला म्हणे! तुमच्या लेकीला फोन लावा.”

“तिला कशाला मध्ये?”

“माझी सून आहे ती. बापाचीही गय करायची नाही.”

“अहो, नर्स तुमचं नाव पुकारतेय.”

“पुकारू दे. आधी फोन… हां, सूनबाई? आजच माहेरी जा आणि वडिलांचा बारका ब्रश घेऊन ये. माझ्या कपाटात ठेव, कुलपात. मी ऑपरेशनची तारीख घ्यायला आत चाललोय.”