मावशीच्या शेजारची खोलगट बाग

तुम्हाला सांगते, मालवणातली ती बाग मी मुद्दाम खोलगट आखली होती. पावसाचं पाणी दर वर्षी शेजारच्या सुमनमावशीच्या घरात शिरायचं. ते बागेत साठावं आणि हळूहळू जिरावं, हा बेत.

पहिल्याच मोठ्या पावसात मावशीचा फोन आला, “गो, तुझी बाग बुडली!”

मी धावत गेले. बाकं पाण्याखाली गेलेली आणि रस्त्यापर्यंत एकच पायरी उरलेली. जमलेले लोक म्हणत होते, “हिनाच आमका बुडवल्यान!” पाऊस ओसरेपर्यंत मी त्या पायरीवरून नजर हलवली नाही. पाणी तिच्याखालीच थांबलं.

मग मावशीकडे गेले आणि उंबऱ्यातच उभी राहिले. ती म्हणाली, “खाली बस गो. जमीन सुकी आसा.”