सतरा नंबरची गाडी वळली नाही

जबाब
पोलीस स्टेशन पुलगाव, जि. वर्धा
दि. ११/०२/२०२५, वेळ सकाळी ११.२०

नाव : रोशनी रूपराव झाडे, वय २२ वर्षे, शिक्षण बी.कॉम., धंदा : वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात काम, रा. नाचणगाव, ता. देवळी.

मी वरील ठिकाणी आईवडिलांसह राहते. मला कोणी बोलावलेले नाही. आज स्वतःहून हजर होऊन सांगते की,

पुलगाव शहर मोटार शर्यतीसाठी दि. २६ जानेवारीला अकरा मुलींमधून माझी ‘शर्यतीची राणी’ म्हणून निवड झाली. शर्यतीच्या दिवशी मुकुट व पट्टा घालून स्टेजवर उभे राहणे, सुरुवातीला हिरवा झेंडा व शेवटी चौकड्यांचा झेंडा दाखवणे आणि पहिल्या आलेल्यास ढाल देणे, एवढे माझे काम होते.

दि. ०९/०२/२०२५ रोजी रविवारी सकाळी दहा वाजता नऊ गाड्या सुटल्या. एकूण चार फेऱ्या होत्या. रस्ता पुलाच्या उतारावरून खाली येतो आणि डावीकडे वळून मैदानात शिरतो. मैदानात शेवटची रेषा व माझे स्टेज होते. वळणाच्या सरळ समोर, बांबूच्या कठड्यामागे, महिलांचा मंडप होता. स्टेज उंच असल्याने उतार, वळण व मंडप हे तिन्ही मला स्पष्ट दिसत होते.

सतरा नंबरची गाडी रीता भोयर, वय अंदाजे ४५, या चालवत होत्या. पुलगावात त्यांचे ड्रायव्हिंग स्कूल आहे. गाडीही शिकवणीचीच होती, फक्त वरचा बोर्ड काढलेला होता. सुटायच्या आधी काही लोक हसले. माईकवरही “शिकवणीची गाडी आली, बाजू द्या” असे सांगण्यात आले. मीही हसले होते.

चौथ्या फेरीत रीताताई सर्वात पुढे होत्या. त्यांच्या मागे साठ-सत्तर फुटांवर चार नंबरची पांढरी गाडी होती. ती शर्यत समितीचे अध्यक्ष सदाशिवराव यांचा मुलगा धीरज चालवत होता. मी चौकड्यांचा झेंडा उचलला. त्यावेळी पांढऱ्या गाडीच्या खिडकीतून धीरजचा हात बाहेर आला. तो हात जोरजोरात वरखाली हलवत होता. लोकांना वाटले, तो गर्दीला हात दाखवत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पांढऱ्या गाडीचा वेग उतारावर कमी होण्याऐवजी वाढत होता.

रीताताई वळणाशी पोहोचल्या होत्या. डावीकडे वळल्या असत्या तर शंभर फुटांवर रेषा होती. त्या वळल्या नाहीत. त्यांनी गाडी सरळ घेतली, ब्रेक न दाबता हळू होऊ दिली आणि पांढऱ्या गाडीच्या बरोबर समोर आणली. पांढरी गाडी मागून त्यांना येऊन लागली. ती धडक नव्हती. रीताताईंनी आपला वेग असा ठेवला होता की ती टेकली. त्यानंतर सतरा नंबरच्या, टेकताना फुटलेल्या मागच्या दिव्यांतून लाल उजेड दिसला, म्हणजे ब्रेक त्यानंतर दाबला गेला, आधी नाही. हे मी खात्रीने सांगते. वळणापासून कठड्यापर्यंत दोन्ही गाड्या एकच गाडी असल्यासारख्या घसरत गेल्या. टायरमधून पांढरा धूर निघाला. माईक बंद झाला. एवढी माणसे असून आवाज फक्त टायरांचा होता. असे मी आयुष्यात पाहिलेले नाही.

सतरा नंबरने कठडा मोडला आणि ती मंडपाच्या खांबाला लागून थांबली. तिथून पहिली रांग चार फुटांवर होती. त्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर माझी आई मीरा बसली होती. मी उंच टाचांचे सँडल घातल्याने माझ्या साध्या चपला तिच्या मांडीवर होत्या. आई उठली नाही. तिला उठायला वेळच मिळाला नव्हता.

मी अनवाणी पळत गेले. रीताताईंचे मनगट मोडले होते व छातीला मार होता. धीरज रस्त्यावर बसला होता. रीताताईंनी त्याला विचारले, “तुले लागलं का रे?” तो मानेनेच नाही म्हणाला.

मागून आलेली नऊ नंबरची गाडी वळून पहिली ठरली. माझ्या हस्ते ढाल देण्यात आली. फोटोत मी हसत आहे.

काल दुपारी मी वर्ध्याच्या दवाखान्यात रीताताईंना भेटले. मी विचारले, “ताई, तुम्ही वळल्या काऊन नाई? जिंकल्याच होत्या ना.” त्या म्हणाल्या, “वीस वर्षं झाले, बाजूच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक दाबून राह्यली मी. आरशात हात पाह्यला त्याचा, अन् पाय आपसूकच गेला.” नंतर त्यांनी माझ्या आईची चौकशी केली.

तिथेच मला कळले की, रीताताईंनी मत्सरापोटी मुद्दाम ब्रेक मारून अपघात घडवला, अशी तक्रार सदाशिवरावांनी दिली आहे. मी जबाब देणार, असे मी तिथे बोलून गेले होते. सायंकाळी मला सदाशिवरावांचा फोन आला. ते म्हणाले, “पोरी, तू काऊन मधात पडतं? राणीचं काम हासाचं राह्यते, जबाब द्याचं नाई.” मी म्हटले, “काका, मी पाह्यलं.” त्यांनी फोन ठेवला. वडिलांनी समोरून सर्व ऐकले होते. ते म्हणाले, “जे पाह्यलं तेच सांगजो. वरचा एक शब्द नोको.”

आज सकाळी मी दुचाकी काढत असताना धीरज आमच्या दारात उभा होता. दाढी केलेली नव्हती. तो म्हणाला, “बाबाले मी सांगतलं होतं ब्रेक लागलाच नाई म्हणून. ते म्हणे, गप राह्य.” नंतर म्हणाला, “मले बसव मागं.”

तो माझ्यासोबत आला असून बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला आहे. माझे झाल्यावर त्याचा जबाब घ्यावा, असे त्याचे म्हणणे आहे.

माझा हा जबाब संगणकावर टंकलिखित करून मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करते.

सही/-
रोशनी रूपराव झाडे