शेजारची खुर्ची

—नको गं, आत परिषदेत नको, इथे हॉटेलच्या लॉबीतच बरंय. आत एसी केवढा लावून ठेवलाय, गुडघे धरतात माझे. आणि आपल्या अ‍ॅडव्हायजरांच्या असोसिएशनच्या इतिहासावर तुला पाच मिनिटंच बोलायचंय ना? मग इथेच उरकू, ठेव फोन टेबलावर, कर रेकॉर्डिंग चालू. मी मृणालिनी केतकर, अबुधाबीत कॉलेजात अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायजर — म्हणजे मुलांनी कुठले विषय घ्यायचे, कुठले सोडायचे, नापास झाल्यावर घरी कसं सांगायचं, हे जिच्या केबिनमध्ये ठरतं ती बाई. तुला काय सांगायचं म्हणा, ओवी, तूही तेच करतेस. मी आता रिटायर होतेय. हो, स्वतःहून! पुरे झालं. पुण्याला जायचं, निवांत राहायचं.

दाखव तुझी स्लाइड. 'स्थापना — दुबई मरीना, पहिली परिषद.' कुणी सांगितलं हे? वेबसाइटने? अगं, परिषद झाली तेव्हा असोसिएशन चांगली शाळेत जाण्याएवढी झाली होती! ती जन्माला आली आमच्या अबुधाबीत, खलिफा सिटीत, अन्वरी परकारच्या हॉलमध्ये, गालिच्यावर. आता अन्वरी कोण — बरोबर, तू तरी कुठून ऐकणार. रत्नागिरीची. दुसऱ्या एका कॉलेजात अ‍ॅडव्हायजर. ओळख ना पाळख, एक दिवस फोन, 'तुमच्या केबिनमध्ये मुली रडतात का हो? आमच्याकडे रडतात. त्या आपल्याकडे येतात, आपण कुणाकडे जायचं?' मी म्हटलं, बाई वेडी आहे. आणि शुक्रवारी गेले तिच्या घरी! तेव्हा शुक्रवारची सुट्टी असायची. तिने सांदणं केली होती, आम्ही हातात बशा घेऊन खाली बसलो आणि एकेकीने आपापली एकेक केस सांगितली, मुलीचं नाव न घेता — इंजिनिअरिंग सोडायचंय, बाप ऐकत नाही, असलं. निघताना वाटलं, चला, आपण एकट्या नाही. झाली असोसिएशन. ना स्टेज, ना बॅज.

आणि एक लिहून घे, हे महत्त्वाचं आहे. अन्वरीची खुर्ची. तुझ्या केबिनमध्ये मुलं कुठे बसतात? समोर? हां. आमचीही समोरच असायची. अन्वरी म्हणाली, समोर बसवलं की मुलगी तुमच्या तोंडाकडे बघून बोलते, तुम्हाला आवडेल तेच बोलते. खुर्ची शेजारी घ्या, दोघींनी मिळून कागदाकडे बघा, मग बघा कशी खरं बोलते. आम्ही सगळ्यांनी खुर्च्या हलवल्या. एका डीननं तर मला विचारलं, फर्निचर कुणाच्या परवानगीने हलवलं! हसू नकोस, खरंच.

मग काय, वाढलो. मस्कत आलं, दोहा आलं, स्पॉन्सर आले, हॉटेलं आली. नियम आले. त्यातला एक नियम — सभासद तोच, ज्याच्याकडे कॉलेजचा ईमेल. तेव्हा कुणाला काही खटकलं नाही, सगळ्यांकडे होता ना. आणि अन्वरीचं कॉलेज दुसऱ्यात विलीन झालं. तिची पोस्ट गेली, ईमेल गेला, व्हिसा गेला — इथे सगळं एका दोरीत ओवलेलं असतं बघ — आणि असोसिएशनच्या ग्रुपमधूनही बाई आपोआप खलास. रत्नागिरीहून मला विचारायची, 'पुढची मीटिंग कधी गं? ऑनलाइन तरी घ्याल का?' मी कमिटीला विचारायचे. बघू म्हणायचे. इन्शाल्ला म्हणायचे.

गेल्या रमजानमध्ये गेली. तिच्या मुलाचा, राहिलचा फोन आला. मी ग्रुपवर टाकलं, आपली अन्वरी गेली. खाली अ‍ॅडमिनचं उत्तर, 'कृपया सभासदांव्यतिरिक्तच्या बातम्या टाळाव्यात.' त्याचंही चुकलं नाही म्हणा, नवा होता, त्याला काय ठाऊक. पण मी त्या दिवशी किचनमध्ये ओट्याला धरून रडले गं. कुशल, माझा मुलगा, म्हणतो, 'मॉम, जस्ट लीव्ह द ग्रुप.'

म्हणून म्हणते, स्लाइड बदल. फार नाही, एकच नाव. आज स्टेजवरून ते नाव कुणी घेतलं नाही, तर यापुढे कोण घेणार? मी का? मी कशी—

अगं, हे काय? खुर्ची कुठे ओढतेस? समोर बरी होतीस की. ओवी... नको गं अशी शेजारी बसूस.

बॅज नाहीये माझ्याकडे. बघतेस काय, गळ्यात आहे का काही? स्वतःहून कसली रिटायर होतेय. पोस्ट काढली माझी. आता मुलांना विषय सॉफ्टवेअर सुचवतं. रजिस्ट्रेशनला माझा जीमेल चालला नाही, दारावरची मुलगी फार गोड बोलली, 'सॉरी मॅम, मेंबर्स ओन्ली.' एसीबिसी काही नाही, गुडघेही ठणठणीत आहेत. तरी सकाळी साडी नेसले, अबुधाबीहून बस धरली आणि इथे येऊन बसले. पुण्यात कोण आहे माझं? माझी केस कुणाला सांगू मी आता?

नाही, तुझा बॅज नको मला. घाल तो गळ्यात, आधी घाल. तुला आत जायचंय, तुलाच बोलायचंय. ऐक, पुकारतायत तुझं नाव. अन्वरी परकार. खलिफा सिटी. गालिच्यावर. विसरणार नाहीस ना? यल्ला, ऊठ, पळ.

आणि खुर्ची परत समोर नको ठेवूस. राहू दे तिथेच.